पहिली केमो आणि आठवा दिवस

कालची रात्रपाळी उरकून थेट सभागृहात येऊन बसलेल्या मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाचा माझ्या भाषणात डोळा लागला तर मी मुळीच मनावर घेणार नाही.

परिचारिकांच्या अधिवेशनात अध्यक्षाने सेवा, त्याग आणि नाइटिंगेलबाईंचा दिवा यांवर बोलायचं असतं. दिव्याचं चित्र माझ्यामागे लावलेलं आहेच, त्यामुळे तेवढं काम झालं असं समजू या. मी आज एकाच विषयावर बोलणार आहे: माणसाची पहिली केमो. विषय आजच का, तर २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर केंद्रं काढण्याची घोषणा झाली आहे. केमो म्हटलं की परळचं टाटा किंवा बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय गाठायचं, ही सवय आता मोडेल. हिंगोलीच्या माणसाला हिंगोलीत आणि गडचिरोलीच्या बाईला गडचिरोलीत सलाईन लागेल, आणि ते लावणाऱ्या तुम्ही असाल. तुमच्यातल्या अनेकींनी अजून केमोची बाटली हातात धरलेली नाही.

औषध कसं द्यायचं हे प्रशिक्षणात शिकवतील. हातमोजे, गाऊन, औषध तयार करायचं बंद कपाट, गरोदर सिस्टरने त्या खोलीत जायचं नाही, हे सगळं नियमावलीत आहे. मला काळजी आहे ती पुढची. केमो नीट देणं आपल्याला जमलं, पण पेशंटला नीट घरी पाठवणं अजून जमलेलं नाही.

पहिल्या केमोला येणाऱ्या माणसाच्या भीतीचा क्रम ठरलेला असतो: उलट्या, केस, पैसे. धोक्याचा क्रम निराळा. ज्याला जपायचं त्याचं नावही त्याला ठाऊक नसतं. तो सलाईनच्या दिवसाला घाबरतो, आणि तो दिवस बहुतेकांचा बऱ्यापैकी पार पडतो. खरा घात होऊ शकतो तो आठव्या, दहाव्या, बाराव्या दिवशी, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात तेव्हा. त्या दिवशी तो आपल्या गावात असतो आणि आपण दुसऱ्याच कुणाची शीर शोधत असतो.

पण भीतीचं आधी बोलू, कारण ती दूर झाल्याशिवाय माणसाच्या कानात दुसरं काही शिरत नाही.

मी वॉर्डात आले त्या काळी सिसप्लॅटिनच्या दिवशी खाटेखाली बादली ठेवलेली असे. नव्वदच्या दशकात ऑन्डॅन्सेट्रॉन आलं, पुढे ॲप्रेपिटंट आलं, ओलान्झापिन आलं. ओलान्झापिन मुळात मानसिक आजारावरचं. १० मिलिग्रॅम दिलं की माणूस दुसऱ्या दिवशीही पेंगतो. टाटा रुग्णालयातल्याच डॉक्टरांनी २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिलं. २०२४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: उलट्या तितक्याच आटोक्यात, पेंग मात्र कमी. लोकांच्या मनातली केमो अजून त्या बादलीपाशीच अडली आहे. म्हणून गोळ्यांची पट्टी हातात देताना दोन गोष्टी सांगायच्याच. एक, मळमळ नसली तरी सांगितलेले सगळे दिवस गोळी घ्यायची. आपली माणसं काटकसरी. बरं वाटतंय तर कशाला संपवायची म्हणून पट्टी जपून ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी आडवी होतात. दुसरी, ऑन्डॅन्सेट्रॉनने पोट बांधतं. चार दिवस शौचाला झालं नाही हे आपली बाई सुनेला सांगत नाही, मुलाला तर नाहीच नाही. ते आपणच आधी विचारायचं, न लाजता.

केसांचं जरा सविस्तर बोलते. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी केस जातात. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल असेल तर जातातच. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांवर बहुधा राहतात. ‘परत येतील हो’ असं आपण घाईने म्हणतो, आणि ते खरंही असतं. पण ज्या समाजात नवरा गेल्यावर बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरत असे, तिथे सवाष्णीचं डोकं उघडं पडणं म्हणजे काय, हे एखाद्या सत्तरीच्या आजींना विचारा. त्यांनी आपल्या आजीला लाल अलवणात पाहिलेलं असतं. हे दुःख दिसण्यापुरतं नाही, आणि विगचा पत्ता देऊन ते मिटत नाही. केस आधीच आखूड कापून घ्यायचे का, हे बाईला स्वतःला ठरवू द्या. आणि कापताना तिची लेक किंवा जाऊ शेजारी असेल असं बघा.

एका मावशींचं सांगते. सोलापूर जिल्ह्यातल्या. डाव्या बाजूच्या स्तनाची शस्त्रक्रिया झालेली, म्हणजे त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही. राहिला उजवा. त्यात कोपराकडे सरकवलेला हिरव्या बांगड्यांचा चुडा, काचेचा, घट्ट. शीर नेमकी त्याच्याखाली. नवी सिस्टर सहज म्हणाली, ‘‘मावशी, या फोडून टाकू या का?’’ मावशींचा चेहरा पांढरा पडला. मालक दारातच उभे होते. आमच्या इन्चार्ज सिस्टर जुन्या, बार्शीकडच्या. त्या पुढे झाल्या. ‘‘फोडायच्या कशाला? सवाष्णीच्या बांगड्या कुणी फोडतं का?’’ साबणाचं पाणी मागवलं, मावशींची बोटं जुळवून पंजा दाबला आणि एकेक बांगडी उतरवून घेतली. एक पिचकली, तर म्हणाल्या, ‘‘ही वाढवली हं.’’ उरलेल्या मालकांच्या रुमालात बांधून दिल्या आणि सांगितलं, ‘‘सलाईन उतरलं की तुम्हीच चढवा.’’ मालक इतका वेळ कोपऱ्यात चोरासारखे उभे होते, त्यांना काम मिळालं. बाटली लागायला उशीर झाला, डॉक्टर कुरकुरले. पण पुढच्या सगळ्या केमोंना मावशी बांगड्या घरी काढूनच आल्या. हे आदल्या दिवशी फोनवर कुणी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशीही निभावलं असतं.

म्हणून पहिल्या केमोच्या आदल्या दिवशी फोन झाला पाहिजे असा माझा आग्रह आहे. काय सांगायचं? उपाशी येऊ नका. ऑपरेशनच्या आठवणीने निम्मे लोक पोट रिकामं ठेवून येतात. त्यांना सांगा, उपमा, पोहे, मऊ भात काहीही खाऊन या. पाणी भरपूर प्या, शिरा फुगतात. घट्ट बाह्यांचा ब्लाउज नको. एसीत पाय गार पडतात, शाल आणा. रोजच्या गोळ्यांची पिशवी आणि जुनी फाईल आणा. रेशनकार्ड आणि आधार आणा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काम त्यावरच चालतं. आणि वय लहान असेल, मूल व्हायचं असेल, तर ते डॉक्टरांना केमोच्या आधी विचारायचं, नंतर नाही. हा प्रश्न नवरा-बायको आपण होऊन काढत नाहीत, सासूबाई शेजारी असल्या तर विचारूच नका. त्यांना बाहेर चहाला पाठवणं हे आपलं काम.

सलाईन चालू असताना आपल्या पेशंटचा भिडस्तपणा हाच मोठा शत्रू. ‘सिस्टर कामात आहेत, कशाला हाक मारायची!’ डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गेलं तर कातडी, मांस जळतं. पहिली खूण असते ती चुणचुण, आगआग. त्या क्षणी हाक मारली तर हात वाचतो. पॅक्लिटॅक्सेलची रिॲक्शन बहुधा पहिल्या काही मिनिटांतच येते: छातीत दाटतं, तोंड लाल होतं, कंबर दुखते. तेव्हा बाटली लावून ‘काही झालं तर सांगा’ एवढं पुरत नाही. ‘आग झाली की ओरडा, मला राग येणार नाही’ असं सांगायचं, आणि खरोखरच रागवायचं नाही. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं, त्याने लघवी एक-दोन दिवस लाल होते. हे न सांगता घरी पाठवलं तर ‘रक्त पडतंय’ म्हणून रात्री सगळं घर हादरतं. ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर काही दिवस माठाचं पाणीही नको. घशात काटे टोचल्यासारखं होतं आणि माणसाला वाटतं श्वास अडकला.

आता मूळ मुद्दा, ताप.

थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट. एवढा एक आकडा प्रत्येक पेशंटच्या घरात भिंतीवर लिहिलेला असला पाहिजे. केमोवरच्या माणसाला एवढा ताप आला की सकाळची वाट बघायची नाही, घरची पॅरासिटामॉल देऊन तो उतरवायचा नाही, ताबडतोब रुग्णालय गाठायचं. पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना शरीरात पू होत नाही, सूज येत नाही, खोकलाही फारसा येत नाही. ताप ही एकच खूण उरते, आणि तीच आपण गोळीने पुसतो. अँटिबायोटिक तासाभरात सुरू झालं पाहिजे असं आपण शिकलो. तो तास गावातून निघणाऱ्या जीपची वाट बघण्यात जातो.

आणि थर्मामीटर? तुमच्या पेशंटांच्या घरी आहे का, हे कधी विचारलंत? हाताने कपाळ बघतात. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू. लाखभराची औषधं योजनेतून मिळतात, पण थर्मामीटर कुठल्याच योजनेत दिसत नाही. माझ्या मते पहिल्या केमोच्या पिशवीत तो रुग्णालयाने घातलाच पाहिजे, आणि काखेत कसा धरायचा, कसा वाचायचा हे घरातल्या शाळकरी मुलीकडून आपल्यासमोर एकदा करून घ्यायला हवं.

गावातल्या डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. रात्री ताप घेऊन आलेल्या माणसाने ‘केमो घेतोय’ हे सांगितलंच नाही तर ते नेहमीप्रमाणे कमरेत सुई देऊन घरी पाठवतात. प्लेटलेट पडलेल्या माणसाला ती सुईसुद्धा महागात पडते. आणि तो सांगत का नाही? कारण त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. मुलाने बजावलेलं असतं, ‘आईला सांगू नका, गाठीचं सलाईन म्हणा.’ मुलाची माया मी समजू शकते, अशा मुलांशी मी भांडलेही नाही. पण ज्या आईला आपण काय घेतोय हे माहीत नाही, ती तापाचं गांभीर्य कसं ओळखणार? लपवालपवीचा हिशोब आठव्या दिवशी चुकवावा लागतो. मुलाला हे बाजूला घेऊन, नेमक्या याच शब्दांत सांगून बघा. बहुतेक जण ऐकतात.

मग शेजार. केमो घेऊन घरी आलं की गल्ली पथ्याचा ग्रंथ उघडते. गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस, गुळवेल, आणि सदाफुलीची पानं. सदाफुलीबद्दल लोक अगदीच चुकीचे नाहीत. अंगणातल्या याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन निघतं. पण कारखान्यात शुद्ध करून मिलिग्रॅमने मोजलेलं औषध वेगळं आणि मूठभर पानं वेगळी. व्हिन्क्रिस्टिन चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस दगावतो, हे आपण परीक्षेत लिहिलेलं आहे. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या. तरीही आपण वसकन अंगावर गेलो तर लोक काढा पिणं थांबवत नाहीत, सांगणं थांबवतात. ‘काय काय घेताय ते फाईलवर लिहू या’ असं म्हणा. नाव लिहिताना त्यांचंच निम्मं गळून पडतं.

खाण्याचं मी साधं ठेवते. ताजं, नीट शिजलेलं, गरम. उकळलेलं पाणी. सोलून खायची फळं, केळं, मोसंबी. रसवंतीचा रस, पाणीपुरी, कच्ची कोशिंबीर काही दिवस नको. तोंड आलं तर मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, ठेच्याला रजा. आणि ताट-वाटी वेगळी करायची नाही. कॅन्सर उष्ट्याने होत नाही. केमोनंतरचे दोन दिवस लघवी, शौच, उलटी यांना हात लावताना हातमोजे घालायचे, संडासात दोनदा पाणी ओतायचं. एवढं सांभाळलं की नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. नातवाला सर्दी असेल तर मात्र त्यानेच लांब राहायचं. हे आजींना सांगितलं की त्या पहिल्यांदा हसतात.

तर माझा प्रस्ताव असा. पहिल्या केमोला एक कागद, एकच. वर औषधाचं नाव आणि तारीख. खाली जपायच्या तारखा आपण स्वतःच्या हाताने लिहायच्या: ५ तारखेला केमो झाली तर ११ ते १८. ‘सातवा ते चौदावा दिवस’ असं लिहून पाठवू नका, घरी कुणी मोजत बसत नाही. मग १००.४. मग रात्री उचलला जाणारा फोन नंबर. मागच्या बाजूला गावच्या डॉक्टरांसाठी चार ओळी: रुग्ण केमोवर आहे, कमरेत इंजेक्शन देऊ नये, रक्ताचे काउंट बघावेत, ताप असेल तर लगेच दाखल करावं. आणि आठव्या दिवशी आपला फोन.

याचा मसुदा तुमच्या पिशवीत आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा आहे. अक्षर किती मोठं असावं, चित्रं हवीत का, यावर बोला. कोरकू, पावरी, गोंडी बोलणाऱ्या घरांत हा कागद कोण वाचून दाखवणार, हे मेळघाट, नंदुरबार आणि गडचिरोलीच्या सिस्टरांनी सांगावं. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी तोवर ऐकावं. आठव्या दिवसाचा फोन कुणाच्या ड्यूटीत धरायचा यावर भांडण होणार, हे मला ठाऊक आहे. होऊ द्या, पण ठराव मांडताना ‘शक्य असल्यास’ हे दोन शब्द त्यात घालू नका. चहा बाहेर तयार आहे असं स्वागताध्यक्ष खुणावताहेत. रात्रपाळीवाल्यांना आधी जाऊ द्या.