सात मिळाले, बारा राहिले

एप्रिल २०२०. टाळेबंदी सुरू होऊन काही दिवस झाले होते. गावात एकेकाचा मोबाइल वाजू लागला. किसान सन्मान निधीचे दोन हजार रुपये जमा झाले होते. बँकेपुढे चुन्याने गोल आखले होते, त्यांत आम्ही उभे राहिलो. शेजारच्या वहिनी मात्र रांगेत नव्हत्या. बाजार बंद, म्हणून त्यांची कोथिंबीर रानातच पिवळी पडली. शेवटी त्यांनी तीत शेळ्या सोडल्या. मी विचारले, "वहिनी, तुमचे आले का?" म्हणाल्या, "भाऊजी, रान दुसऱ्याचं. आम्हाला कोण देणार?"

केंद्र सरकारने २६ मार्च २०२० रोजी १ लाख ७० हजार कोटींचे गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना दोन हजार रुपये द्यायचे ठरले. हा खरे तर वर्षाच्या सहा हजारांतलाच हप्ता होता, तो लवकर दिला. तरी तो वेळेवर आला हे मान्य केले पाहिजे. खरिपाच्या बियाण्याला त्याचा आधार झाला.

अडचण दुसरीकडे होती. आपला सातबारा म्हणजे दोन नमुने. सात सांगतो जमीन कोणाची, बारा सांगतो पीक कोणते. टाळेबंदीत नुकसान झाले ते पिकाचे, म्हणजे बाराचे. पैसे मिळाले ते सातवर नाव असणाऱ्याला. वहिनींच्या जनधन खात्यावर तीन महिने पाचशे-पाचशे आले, पण ते गरीब बाई म्हणून. शेतकरी म्हणून एक रुपयाही नाही. जमिनीचे मालक शहरात असतात. त्यांना दोन हजार पोचले.

अमेरिकेने त्याच वर्षी शेतकऱ्यांना थेट मदतीसाठी १६ अब्ज डॉलर काढले. तिथे पिकाचे आणि जनावरांचे नुकसान मोजले, आणि पिकाची जोखीम उचलणारा, मग तो वाटेकरी का असेना, पात्र ठरला. त्यातही खोट होतीच. ज्याचा माल मोठा, त्याला रक्कम मोठी. पण कसणारा कागदावर दिसत होता.

आपल्याकडे तो का दिसत नाही? मालक वाईट आहे म्हणून नव्हे. १९४८च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळवून दिली, आणि ते मोठे काम झाले. पण तेव्हापासून जमीनवाल्याला धास्ती आहे की कागद केला तर जमीन जाईल. म्हणून खंडाचा, वाट्याचा व्यवहार तोंडी होतो. तोंडी व्यवहाराला ना पीककर्ज, ना मदत.

यावर तोड आहे. मालकी अबाधित राहील आणि कसणाऱ्याला कर्ज-विमा मिळेल, असा नमुना कायदा नीती आयोगाने २०१६ साली पुढे ठेवला. तो स्वीकारणे राज्यांच्या हाती आहे. महाराष्ट्राने २०२३मध्ये स्वतःचे आणखी सहा हजार जोडले, ही चांगली गोष्ट. पण यादी तीच ठेवली.

पुढचे संकट सांगून येणार नाही. तेव्हा निदान एका हंगामापुरता, दोघांच्या सहीचा साधा कागद सरकारने मान्य करावा. मालकाने भिऊ नये आणि कसणाऱ्याने लाजू नये, एवढी हमी त्यात असावी.

वहिनींनी यंदाही तेच रान वाट्याने केले आहे. कोथिंबीर चांगली उतरली आहे. बाराव्या नमुन्यात कोथिंबिरीची नोंद होईल. वहिनींची होणार नाही.