भोसे येथील वटवृक्ष
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून उभा जन्म फळ्यासमोर घालविलेले शिक्षक आहो. कार्यकारी मंडळाने भाषणाची आज्ञा केली तेव्हा आम्ही मनाशी ठरविले की, जे स्वतः पाहिले त्याविषयीच बोलावे. म्हणून भोसे येथील वडाची हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहो.

मिरजेहून पंढरपूरकडे निघाले म्हणजे मिरज तालुक्यातच भोसे हे गाव लागते. तेथे यल्लम्मादेवीच्या मंदिरापाशी, रस्त्याच्या कडेला, सुमारे ४०० वर्षांचा म्हणून ख्यात असलेला वड उभा होता. हे वय खरे धरले, तर शिवछत्रपतींचा १६३० साली जन्म झाला त्यापूर्वीच तो रुजला असला पाहिजे. पंढरीस जाणारे वारकरी त्याच्या छायेत विसावत, भाकरी सोडीत आणि विठ्ठलनाम घेत पुढे जात.

वडास संस्कृतात न्यग्रोध म्हणतात. खाली खाली वाढणारा, असा त्याचा अर्थ. छांदोग्योपनिषदात उद्दालकऋषी पुत्र श्वेतकेतूस वडाचे फळ फोडावयास सांगतात. आतील बारीक बीही फोडल्यावर काही दिसेना, तेव्हा त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच एवढा महावृक्ष उभा आहे, असा बोध ते करितात. प्रलयजळात वडाच्या पानावर पहुडलेला बालमुकुंद मार्कंडेयास दिसला, अशी पुराणकथा आहे. सावित्रीची कथा तर प्रत्येक ज्येष्ठी पौर्णिमेस आमच्या भगिनी स्मरतात. ती आम्ही काय सांगावी!

कथेइतकेच सत्यही नवलाचे आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवे येथील वडाचे १८८२ साली मोजमाप झाले. त्याचा घेर १,५८७ फूट, दक्षिणोत्तर विस्तार ५९५ फूट आणि पूर्वपश्चिम ४४२ फूट भरला. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील महावटाचा मूळ बुंधा बुरशीने सडला म्हणून १९२५ साली काढून टाकावा लागला. तरीही तो वृक्ष आपल्या पारंब्यांवर आजतागायत उभा आहे. पारंबी भूमीस टेकली की तिचा खांब होतो आणि तो वडिलांचा भार उचलतो. घरातील कर्त्या मुलांप्रमाणेच हे आहे.

आता भोशाकडे वळू. रत्नागिरी-नागपूर महामार्गाचे रुंदीकरण निघाले, तेव्हा २०२० साली हा वड तोडावयाचे ठरले. ही वार्ता पसरताच परिसरातील वृक्षप्रेमी तरुण त्याच्याभोवती जमले. कोणी पत्रे लिहिली, कोणी सह्या गोळा केल्या. अखेर राज्याच्या पर्यावरण मंत्र्यांनी केंद्रीय रस्तेमंत्र्यांस पत्र लिहिले आणि रस्ता वडास वळसा घालून न्यावयाचे ठरले. त्या वेळी आम्हांस मोठी धन्यता वाटली. परंतु २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडी तो वड कोसळला. पडलेल्या वृक्षाशेजारी जाऊन उभे राहिलो, तेव्हा शब्द सुचेना.

त्या दिवसापासून एक विचार आमच्या मनात घोळतो आहे. वृक्ष तोडला नाही, म्हणजे तो राखला, असे होत नाही. रहदारीस अडतात म्हणून रस्त्याकडेच्या वडांच्या पारंब्या आपण छाटतो, बुंध्यापर्यंत डांबर अगर फरशी घालतो, आणि मग एकट्या म्हाताऱ्या बुंध्याने सारा भार सोसावा अशी अपेक्षा करितो.

आमच्या हातूनही असा अपराध घडला आहे, तो आज सर्वांसमक्ष कबूल करितो. आम्ही मुख्याध्यापक असताना शाळेच्या कुंपणाची भिंत बांधावयाची होती. मध्ये वड येत होता. भिंत चार हात आत घेतली असती तर भागले असते. परंतु नकाशा बदलण्याचा त्रास नको म्हणून आम्ही संमतीची सही केली. दोन दिवसांत झाड गेले. पुढील चैत्रात मुले उन्हात प्रार्थनेस उभी राहिली. पहिलीतील एका मुलाने विचारले, “गुरुजी, आता सावली कुठं ठेवलीय?” त्यास उत्तर देणे आम्हांस साधले नाही, आजही साधत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात, रयतेने लेकरांसारखी जतन केलेली झाडे तोडू नयेत, अशी ताकीद आहे. राज्याला आरमारासाठी लाकूड हवे होते, तरीही ही ताकीद! आजचा कायदाही तेच सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील वृक्षांस नागरी भागात वारसा वृक्ष मानले आहे.

बंधुभगिनींनो, हे सर्व सांगण्याचे कारण आपल्या अंगणातच आहे. आपल्या विद्यार्थी वसतिगृहासमोरील वड काढून तेथे सभागृह बांधावे, असा प्रस्ताव आज संमेलनापुढे आहे. सभागृह हवेच; मुलामुलींची लग्ने परक्याच्या कार्यालयात किती दिवस लावावयाची? परंतु खेड्यापाड्यांतून आलेल्या आपल्या कित्येक मुलांनी खोलीत जागा नसताना याच वडाच्या पारावर अभ्यास केला. ती मुले आज येथे पुढल्या रांगेत बसली आहेत.

म्हणून आमची तीन मागणी आहेत. सभागृहाचा नकाशा मागील मोकळ्या जागेकडे सरकवावा. पाराभोवतीची फरशी उखडून माती मोकळी करावी. आणि निदान चार पारंब्या, मातीने भरलेल्या उभ्या चिरलेल्या बांबूंतून, जमिनीपर्यंत उतरवाव्यात. यांपैकी शेवटचे काम आम्ही स्वतः करू; बांबूचा खर्चही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. नवा नकाशा काढण्यास जो जादा खर्च येईल, त्यात आमचा पहिला वाटा धरावा.

चार पारंब्यांचे खांब झालेले पाहावयास आम्ही असू की नाही, हे परमेश्वर जाणे. परंतु त्यांच्या छायेत बसणारे मूल आपल्यापैकीच कोणाचे तरी असेल. त्याने सावली कुठे ठेवली असे विचारण्याची पाळी येऊ नये, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.