बर्फातले जवान आणि आपण



आपल्या खानदेशात थंडी पडली की आपण शेकोटी पेटवतो, केळीच्या बागेत धूर करतो. काश्मीरात मात्र बर्फ पडतो आणि रस्तेच बुजतात.

२०२० च्या जानेवारीत तिथे एका गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचे होते. गाडी जाईना. मग शंभरावर जवान आणि ३० गावकरी निघाले. तिला स्ट्रेचरवर घेऊन ४ तास बर्फ तुडवत गेले. आई आणि बाळ सुखरूप राहिले.

कोणी म्हणेल, "गुरुजी, जवानाचं काम सरहद्द राखणं. त्याने हे का करावं?"

प्रश्न बरोबर आहे. रस्ता, दवाखाना ही रोजची कामे जवानाची नव्हेत. पण जीव जात असेल अन् दुसरे कोणी पोचत नसेल, तर त्याने जावेच. माणसे वाचवणे हेही देश राखणेच.

पण ते ३० गावकरी विसरू नका. आपल्या सातपुड्यातही आजारी माणसाला पाड्यावरून झोळीत आणावे लागते. तिथे पलटण येत नाही. झोळी आपणच उचलायची. आणि आता तुम्हाला लिहिता येते. तर रस्त्यासाठी अर्जही तुम्हीच लिहा.