पिशवी काढण्यापूर्वी



पाळीच्या वेळी असह्य वेदना, अतिरिक्त रक्तस्राव आणि त्यातून येणारा रक्तक्षय अशी तक्रार घेऊन जळगाव-धुळे भागातील स्त्री तपासणीस जाते, तेव्हा ‘पिशवीला सूज आहे’ एवढेच तिला अनेकदा सांगण्यात येते. या सैल शब्दाआड कित्येकदा अ‍ॅडिनोमायोसिस हा विकार असतो. यात गर्भाशयाचे आतील अस्तर त्याच्याच स्नायूंच्या भिंतीत शिरते आणि गर्भाशय जड होते. हा कर्करोग नव्हे. पाळी कायमची थांबल्यावर हा त्रास बहुधा ओसरतो. हे ठाऊक नसलेली स्त्री भीतीपोटी पस्तिशीतच शस्त्रक्रियेस संमती देते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांची शासनाला २०१९ मध्ये चौकशी करावी लागली. ऊसतोडीच्या टोळ्या खानदेशातूनही जातात.

गर्भाशय राखून करावयाचे उपचार आज उपलब्ध आहेत. मांडीतील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी घालून गर्भाशयाचा रक्तपुरवठा रोखता येतो. जखम नाममात्र होते, पण पुढील काही दिवस वेदना बऱ्याच होतात, आणि कॅथलॅब व त्या शाखेचा तज्ज्ञ लागतो. ध्वनिलहरी एकवटून रोगट भाग बाहेरूनच तापवून निकामी करण्याच्या पद्धतीत छेदही नाही. मात्र तशी यंत्रे मोजकीच. अस्तर जाळण्याचा उपाय खोलवर शिरलेल्या विकाराला पुरा पडत नाही, व अपत्य हवे असलेल्या स्त्रीला तो वर्ज्यच.

माझ्या मते आपल्या भागाला सर्वांत सोयीचा उपाय म्हणजे संप्रेरक सोडणारी, तांबीसारखी गर्भाशयात बसवावयाची वस्तू. ती बाह्यरुग्ण विभागात बसवता येते व सुमारे पाच वर्षे काम करते. चाळिशी ओलांडलेल्या कित्येक जणी तिच्या आधाराने पाळी थांबेपर्यंतचा काळ काढतात. गर्भाशय फार मोठे झाले असेल तर ती निसटण्याचा संभव असतो. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून रक्त दिसत राहते. ही पूर्वकल्पना नसली की दुसऱ्याच महिन्यात ती काढून टाकण्याचा आग्रह होतो. येथे आशा कार्यकर्ती व शिक्षिका यांचा शब्द उपयोगी पडेल.

शस्त्रक्रिया काहींना अटळ असते, हे मी नाकारत नाही. पण तीत कारणाशिवाय बीजांडकोशही काढले, तर पाळी अकाली जाऊन हाडे लवकर ठिसूळ होतात. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला आहे. दुसरे मत घेण्यास धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहेत. जाताना जुन्या सोनोग्राफीचे कागद सोबत न्यावेत.