चारशे फटके

मागच्या भिंतीला टेकून शिट्टी मारायची संधी शोधणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो,

विंगेत तुमचा नाच मेकअप करून खोळंबलाय, हे मला दिसतंय. म्हणून एकाच सिनेमाची गोष्ट सांगतो आणि बसतो.

1959 साली फ्रान्समध्ये फ्रान्स्वा त्रुफो या 27 वर्षांच्या तरुणाचा पहिला मोठा चित्रपट आला. इंग्रजीत त्याचं नाव झालं 'द फोर हंड्रेड ब्लोज'. म्हणजे चारशे फटके! कॉलेजात असताना मी तो पाहायला गेलो, तेव्हा वाटलं होतं, पोराला चांगलंच बदडून काढत असणार. पुढे कळलं की मूळ फ्रेंच वाक्प्रचाराचा फटक्यांशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ नाही ते उद्योग करणं, उंडारणं. शब्द बरोबर, अर्थ भलताच! आणि गंमत अशी, की चित्रपटातल्या पोराचंही घरी-दारी हेच होतं.

आंत्वान हा पॅरिसमधला शाळकरी मुलगा. बाल्झाक या लेखकावर त्याचा फार जीव. निबंध चांगला व्हावा म्हणून तो बाल्झाकच्या चित्रासमोर मेणबत्ती लावतो. त्यात पडदा पेटतो. घरी दिसते ती फक्त आग. निबंधात बाल्झाकचीच वाक्यं उतरतात. मास्तरांना दिसते ती फक्त नक्कल. पुढे तो सावत्र वडिलांच्या ऑफिसातला टाइपरायटर चोरतो, पण तो खपत नाही म्हणून परत ठेवायला जातो आणि नेमका तेव्हाच सापडतो. वडील त्याला थेट पोलीस चौकीत नेऊन देतात. तिथून सुधारगृह.

आंत्वान काही साळसूद नाही, बरं का. शाळा बुडवल्याचं कारण म्हणून तो चक्क आई वारल्याचं सांगतो! पण पुढे सुधारगृहात एक मानसशास्त्रज्ञ बाई त्याला विचारतात, तू खोटं का बोलतोस? तो म्हणतो, खरं सांगितलं तरी कुणाला पटत नाही, मग खोटंच बरं. त्या बाईंचा चेहरा आपल्याला दिसतही नाही. कॅमेरा फक्त मुलाकडे बघत राहतो. अख्ख्या चित्रपटात एवढ्या सबुरीनं त्याचं ऐकून घेणारं मोठं माणूस हे एकच.

शेवटी तो फुटबॉलच्या मैदानातून पळतो, धावत धावत समुद्र गाठतो, वळून आपल्याकडे बघतो आणि चित्र तिथेच गोठतं. पुढे काय झालं, ते हा चित्रपट सांगत नाही.

त्रुफोच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र पुढे काय झालं, ते ठाऊक आहे. त्यालाही घरच्यांनी पोलिसांच्या हवाली केलं होतं. पण त्याला आंद्रे बाझां हे समीक्षक भेटले. त्यांनी त्याला सोडवलं, काम दिलं, लिहितं केलं. नोव्हेंबर 1958 मध्ये, शूटिंग नुकतंच सुरू झालं असताना, बाझां गेले. हा चित्रपट त्यांनाच अर्पण केलाय. पोरगा तोच, त्याचे उद्योगही तेच. फरक एवढाच, की त्याला वाचणारं कुणीतरी निघालं.

पालकहो, शिक्षकहो, आपण मुलांना 'का केलंस?' हे रोज विचारतो. उत्तरासाठी मात्र थांबत नाही. आणि मित्रांनो, चूक एकाच बाजूची नसते. 'जेवलास का?' या प्रश्नात आईला आणखीही काही विचारायचं असतं. तुम्हीही तिचे नुसते शब्दच ऐकता.

या चित्रपटात आनंदाचा एक प्रसंग आहे. त्या आगीनंतर आई, वडील आणि आंत्वान तिघं सिनेमाला जातात आणि गाडीतून हसत-खिदळत घरी येतात. आज गॅदरिंग संपल्यावर आई-बाबांना गेटवर ताटकळत ठेवून मित्रांबरोबर पसार होऊ नका. त्यांच्याबरोबरच घरी जा. वाटेत कुणीतरी काहीतरी विचारेलच. ज्यानं विचारलं, त्यानं उत्तर येईपर्यंत थांबायचं. आणि ज्याला विचारलं, त्यानं आजच्या दिवस तरी 'काही नाही' म्हणायचं नाही.