हवा काढण्याआधी हवेची वाट शोधा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, शहापूर)



मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकमध्ये धरलेली हवा हा आजचा विषय. आपल्या शहापूर-मुरबाडमध्ये पाड्यावरून निघून आसनगाव, आटगाव किंवा खर्डीचे स्टेशन गाठायचे, तर बहुतेकांच्या हाती दुचाकीच असते. दूध, भाजी, शाळेतली पोरे, दवाखान्यात न्यायचे म्हातारे माणूस, सगळी ने-आण तिच्यावरच होते. माळशेजचा किंवा कसाऱ्याचा घाट उतरताना या सगळ्यांचा जीव ब्रेकवर असतो. म्हणून हा विषय गॅरेजपुरता ठेवून चालणार नाही.

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑईल ढकलतो. तो दाब होजमधून कॅलिपरला पोहोचतो आणि पॅड डिस्कला आवळतात. बंद जागेतल्या द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. ऑईल जवळपास दबतच नाही, हवा मात्र दबते. मास्टर सिलिंडरचा पिस्टन 14 मिलिमीटर व्यासाचा धरला, तर अर्धा मिलिलीटर हवा दाबून संपवायलाच तो तीन मिलिमीटर सरकतो. पायाखाली हे अंतर कितीतरी पटीने वाढते. पाय खाली जातो, पण चाक आवळले जात नाही.

आता निदानाकडे येऊ. पेडल मऊ लागले की लगेच कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल सोडायला बसायचे, ही सवय मोडायला हवी. पटापट तीन-चारदा दाबल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल, तर हवेचा संशय घ्या. मात्र पॅड झिजलेत का आणि डिस्क वाकडी आहे का, हेही बघा. एकसारखे दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले आहे. तिथे किट टाकावे लागते, कितीही वेळा हवा काढली तरी उपयोग नाही. घाट उतरल्यावर पेडल गेले आणि गाडी थंड झाल्यावर परत आले, तर ऑईल उकळले असे समजा.

हवा आत शिरते कुठून? पॅड झिजतात तशी ब्रेक ऑईलच्या डबीतली पातळी उतरते. मागच्या ब्रेकची डबी लहान, बऱ्याच गाड्यांत साईड पॅनलच्या आड, त्यामुळे तिकडे कुणाची नजर जात नाही. पातळी खूप उतरली की हवा ओढली जाते. होज जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टचे जुनेच वॉशर परत बसवले, तर तिथे ऑईल पाझरते आणि हवेलाही वाट मिळते. हे बघितल्याशिवाय काढलेली हवा परत येणारच.

हवा काढण्याची रीत साधी आहे, पण क्रम चुकता कामा नये. गाडी सरळ उभी करा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवा. पेडल दाबून धरा, निपल पाव फेरा सैल करा, बुडबुडे येऊ द्या, निपल आवळा आणि मगच पेडल सोडा. पेडल आधी सुटले तर तीच हवा परत आत जाते. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका.

एवढे करूनही पेडल मऊच राहिले, तर हवा नेमकी कुठे अडकली ते शोधा. तानसाच्या जलवाहिनीवर उंचवट्याच्या जागी हवा सोडायला व्हॉल्व्ह बसवलेले असतात, कारण हवा पाण्यात नेहमी उंच जागा धरते. ब्रेकच्या होजचेही तसेच आहे. मास्टर सिलिंडरजवळ होज जिथे कमान घेते तिथे बुडबुडा बसतो, आणि पेडलच्या धक्क्याने तो खाली कॅलिपरपर्यंत उतरत नाही. अशा वेळी डबीतले थोडे ऑईल काढून घ्या आणि निपलकडून सिरिंजने स्वच्छ ऑईल हळू वर चढवा. हवा तिच्या स्वभावाने डबीत निघून जाते. कॅलिपरचा निपल वरच्या अंगाला नसेल, तर कॅलिपर सोडून निपल वर येईल असा धरा आणि पॅडच्या मध्ये लाकडाची पट्टी घाला, म्हणजे पिस्टन बाहेर येणार नाही. मागच्या चाकालाही एबीएस असेल, तर त्याच्या युनिटमध्ये अडकलेली हवा काढायला कित्येकदा सर्व्हिस सेंटरचे स्कॅनर लागते.

आपल्या भागाला सगळ्यात जास्त नडते ते जुने ऑईल. डॉट 3 आणि डॉट 4 ही ऑईले हवेतला ओलावा शोषतात, आणि आपला पावसाळा सगळ्यांना ठाऊक आहे. डॉट 4 चा किमान उत्कलनबिंदू नव्या ऑईलला 230 अंश सेल्सिअस ठरवलेला आहे. साडेतीन टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर तो 155 अंशांवर येतो. अशा ऑईलवर मागे माणूस बसवून, पेडलवर पाय ठेवूनच माळशेज उतरत टोकावड्याकडे आलात, तर कॅलिपर तापतो, पाण्याची वाफ होते, आणि ती हवेसारखीच दबते. म्हणून घाटात खालचा गिअर घाला, वेग इंजिनला धरू द्या, दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरा आणि मधे सोडा.

मेकॅनिक बंधूंना माझी विनंती आहे की हवा कुठून आली ते गिऱ्हाइकाला दाखवा आणि डबीच्या झाकणावर लिहिलेलेच ऑईल सीलबंद बाटलीतून घाला. गाडीवाल्यांनी गॅरेजमधून निघण्याआधी पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे. ते जागेवरून हलले तर गाडी बाहेर काढू नये. ब्रेक ऑईल बदलून दोन वर्षे झाली असतील, तर या पावसाळ्याआधी ते बदलून घ्या. घाटातल्या एका उताराच्या मानाने हा खर्च काहीच नाही.