मजुरीचा भाव आणि आपली घासाघीस

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत ३७ वर्षं काढलेल्या माणसाला दहा मिनिटं दिली तर तो ती व्याजासकट वसूल करतो, हे त्यांना माहीत असेलच. तरी प्रयत्न करतो.

पंचवीस वर्षांच्या आठवणी इतर वक्ते सांगतील. प्लॉट कसा घेतला, पहिली मीटिंग कुणाच्या ओट्यावर झाली, लाईटचं मीटर यायला किती दिवस लागले, हे सगळं या स्मरणिकेत येईलच. मला बोलायचंय ते ज्यांची नावं स्मरणिकेत येणार नाहीत अशा माणसांबद्दल. आपला प्लंबर, वायरमन, रंगारी, सुतार, बोअरची मोटार बाहेर काढणारे, कूलरला दरवर्षी नवं गवत भरून देणारे. ही माणसं नसती तर आपल्या सोसायटीची पंचविशी झाली असती, पण नळ गळके आणि जिने अंधारे असते.

आणि बोलायचंय ते त्यांच्याशी आपण जी घासाघीस करतो तिच्याबद्दल. विषय थोडा अडचणीचा आहे. पण पंचाहत्तरीच्या माणसाला एवढी सवलत असावी.

आधी एक गोष्ट कबूल करू. आपलं जालना हे व्यापाऱ्यांचं गाव. ‘जालना सोने का पालना’ असं म्हणतात ते उगाच नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि जालन्याचं बियाणं देशभर गेलं. मग सळयांचे कारखाने आले. मोंढ्यात पिढ्यान्‌पिढ्या भाव करणं चालत आलंय. भाव करणं हा इथे दुर्गुण नाही, ते हिशेबीपणाचं लक्षण आहे. माझ्या नोकरीत मोठे कर्जदार पाव टक्का व्याजासाठी तास-तासभर बसायचे. मला त्यात कधी गैर वाटलं नाही. त्यांच्या समोर दुसऱ्या बँकेचा पर्याय असायचा, आमच्या समोर दुसऱ्या कर्जदाराचा. दोघंही उठून जायला मोकळे. याला सौदा म्हणतात.

पण आपण नेमका कुठे भाव करतो ते बघा. नळ आणायला दुकानात गेलो की खोक्यावर एमआरपी छापलेली असते. दुकानदार त्यातून पाच-दहा टक्के सोडतो, आपण गप्प घेतो. तोच नळ बसवायला माणूस आला आणि तीनशे रुपये म्हणाला की आपण लगेच, “पाच मिनिटांचं काम, त्याचे तीनशे?” डॉक्टरांकडे आपण असं म्हणत नाही. तेही पाच मिनिटांतच तपासतात. पाच मिनिटांत काम होतं कारण तो वीस वर्षं तेच करतोय. तोच नळ मी बसवायला घेतला तर दुपार जाईल आणि संध्याकाळी पुन्हा त्यालाच फोन करावा लागेल. नळावर एमआरपी असते, बसवणाऱ्या हातावर नसते. म्हणून आपला सगळा हिशेबीपणा त्या हातावर उतरतो.

आता जरा बँकेच्या पद्धतीने हिशेब मांडू. कर्ज देताना आम्ही धंद्याचं उत्पन्न असंच काढायचो. समजा, एक प्लंबर आहे. दिवसाला तीन घरं होतात, प्रत्येकी ३०० रुपये. महिन्यात कामाचे दिवस २२ धरा, कारण रोज काम मिळत नाही, आणि एखादा दिवस माणूस आजारीही पडतो. ६६ घरांचे झाले १९,८०० रुपये. यातून पेट्रोल रोज १०० प्रमाणे २,२०० गेले. गाडीचा हप्ता २,६००. मोबाईल आणि अवजारं मिळून १,०००. हातात राहिले १४,००० रुपये. त्यात घरभाडं, किराणा, पोरांची फी.

आता प्रत्येक घरातून आपण फक्त पन्नास रुपये कमी करून घेतले. आपल्या लेखी तीनशेतले पन्नास, म्हणजे सहावा हिस्सा. पण पेट्रोलपंपावर त्याला कुणी पन्नास सोडत नाही आणि गाडीचा हप्ताही कमी होत नाही. ६६ घरांचे ३,३०० रुपये थेट त्याच्या घरखर्चातून जातात. १४,००० चे १०,७०० होतात. जवळजवळ पाव उत्पन्न गेलं. आपण फक्त पन्नास रुपये वाचवले असं समजून चहा घेतो, आणि त्याच्या घरी पोराची फी पुढच्या महिन्यावर जाते.

याहून वाईट प्रकार म्हणजे काम झाल्यावरची घासाघीस. माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. गाव आणि नावं सांगत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. एका रंगाऱ्याला आमच्या शाखेने छोटं कर्ज दिलं होतं. हप्ता वेळेवर भरणारा माणूस. एका महिन्यात आला नाही, पुढच्या महिन्यातही नाही. बोलावलं तर म्हणाला, “सायेब, बंगल्याचं काम अकरा हजाराला ठरलं व्हतं. रंग समदा झाला. शेवटी शेठनं नऊ हजार हातावर ठिवले आन्‌ म्हणले, आता ऱ्हाऊ दे, पुढच्या कामाला बघू.” मी विचारलं, मग तू काय केलंस? तो म्हणाला, “काय करावं? भिंतीवरचा रंग खरडून माघारी नेऊ का?”

त्याला त्या कामात सुटणार होते बावीसशे रुपये. त्यातले दोन हजार तिथेच राहिले. हाताखालच्या दोन पोरांची मजुरी त्याने चुकवली नाही, त्यांना पूर्ण दिली. मग बँकेचा हप्ता राहिला. आमच्या रजिस्टरात थकबाकीदार म्हणून नाव लागलं ते त्याचं. बंगल्यातल्या शेठचं नाव कुठल्याच थकबाकीच्या यादीत नव्हतं. खरं तर थकबाकी कुणाची होती? दोन हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज एका रंगाऱ्याने एका शेठला दिलं होतं, आणि ते बुडालं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की भाव करायचाच तर कामाच्या आधी करा. तेव्हा तो नाही म्हणून निघून जाऊ शकतो आणि आपण दुसऱ्याला बोलवू शकतो. काम झाल्यावर पाईप भिंतीत गेलेला असतो, रंग वाळलेला असतो, त्याची उठून जायची वाट बंद झालेली असते. त्यावेळी जे चालतं त्याला सौदा म्हणता येत नाही, ती अडवणूक असते.

कुणी म्हणेल, पूर्वी कुठे असे दर ठरलेले होते? होते की. गावात बलुतं होतं. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांना खळ्यावर धान्य मिळायचं. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात ही सगळी व्यवस्था तपशिलात आहे. प्रत्येक कामाला भाव करावा लागत नसे. पण त्यात एक मोठी खोट होती. माप घालणारा हात शेतकऱ्याचा. जो सगळ्यात खालच्या पायरीवर, त्याने “कमी घातलं” म्हणायची सोय नव्हती. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. कामाचा मोबदला गावाच्या मर्जीवर न राहता ठरलेल्या रोख रकमेत मिळावा, हा त्यातला एक मुद्दा होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, पण खळ्यावरची रीत इथेही तीच होती.

पुढे १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. हमालाच्या मजुरीचे दर ठरवायचे, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून त्याचा प्रॉव्हिडंट फंड, रजा, बोनस बघायचा. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्या माणसांनी हमालांची संघटना बांधली म्हणून ते झालं. आपल्या प्लंबरला ना मंडळ आहे, ना संघटना. त्याच्या मजुरीचं मंडळ म्हणजे आपल्या दारातले आपण.

आणि गरज आपली असते तेव्हा आपण भाव करत नाही, हेही आठवा. २०१२-१३ चा दुष्काळ इथे बसलेल्या सगळ्यांनी काढला आहे. टँकरवाला जो आकडा सांगेल तो आपण देत होतो, वर “उद्या नक्की ये रे बाबा” म्हणत होतो. तेव्हा कुणी म्हटलं नाही की पाच मिनिटांत तर टाकी भरली!

आता सर्वात गंभीर मुद्दा. आपण बोलताना ‘सेफ्टी टँक’ म्हणतो, पण त्या टाकीत सेफ्टी काही नसते. सेप्टिक टँकमध्ये विषारी वायू साचतो, प्राणवायू नसतो. आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला दुसरा उतरला तर तोही पडतो. देशात अशी माणसं अजूनही मरतात. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली.

हे इथे का सांगतो? कारण टाकी साफ करायचे दर मागवले की एक दर मशीनच्या गाडीचा येतो आणि एक दर येतो दोन माणसं आणि बादलीचा. दुसरा दर स्वस्त असतो. तो स्वस्त का असतो, हे सर्वसाधारण सभेत कुणी विचारत नाही. ‘सर्वात कमी दराचं कोटेशन मंजूर’ असा ठराव लिहिणं सोपं आहे. पण त्या दरात कुणाचा तरी जीव धरलेला असू शकतो. माझी हात जोडून विनंती आहे, आपल्या सोसायटीत हा ठराव कधी होऊ देऊ नका. मशीनच्या गाडीचे पैसे कमी पडले तर माझ्या पेन्शनमधून माझा वाटा आधी घ्या.

एकच बाजू मांडली असं नको. कारागिरांचेही दोष आहेत. “आलोच दहा मिनिटांत” म्हणून दोन दिवस न येणं, फोन बंद ठेवणं, चांगला पार्ट बदलून जुना स्वतःकडे ठेवणं, पावती न देणं, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. आपण कमी करणारच म्हणून आधीच पन्नास वाढवून सांगणारेही असतात. पण बघा, त्याचा तोटा कुणाला होतो? जो भाव करत नाही अशा सरळ सभासदाला. आणि चांगला कारागीर, ज्याच्याकडे काम भरपूर आहे, तो अशा सोसायटीत यायचंच टाळतो. मग आपल्याकडे येतात ते दुसरीकडे ज्यांना कुणी बोलवत नाही ते.

यावर माझ्या चार साध्या सूचना आहेत. नव्या समितीने विचार करावा.

एक, नेहमीच्या कामांचे दर त्या-त्या कारागिरांना समोर बसवून ठरवा आणि ऑफिसबाहेर फलकावर लावा. दरवर्षी सर्वसाधारण सभेनंतर ते पुन्हा बघा. पेट्रोल महागलं तर दर वाढतील हे मान्य करून चाला.

दोन, मोठ्या कामात काय करायचं, माल कुणाचा, मजुरी किती, हे कामाआधी एका कागदावर लिहा. दोघांच्या सह्या घ्या. जुना पार्ट दाखवायचा, पावती द्यायची, हेही त्यातच लिहा.

तीन, काम झालं त्याच दिवशी पैसे द्या. घाम वाळायच्या आत मजुरी हातात पडावी, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगत आली आहेत. नोंदणी केलेल्या लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. तीनशे रुपयांसाठी तेवढी वाट बघायला लावण्याचं काही कारण नाही. आता तर फोनवरून क्षणात जातात.

चार, येणाऱ्या माणसाला पाणी विचारा आणि वॉचमनच्या केबिनमागचं स्वच्छतागृह वापरू द्या. याला खर्च शून्य आहे.

मित्रांनो, पंचवीस वर्षांपूर्वी आपण घरं बांधली तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांकडे कर्जाचे हप्ते होते. आज मुलं पुण्यात, कुणी परदेशात, गाड्या दारात. देवाच्या कृपेने बरं चाललंय. अशा वेळी पन्नास रुपये वाचवण्यात हुशारी नाही. “त्या सोसायटीत कामाला जा, पैसे वेळेवर मिळतात” असं जालन्याचे कारागीर एकमेकांना सांगू लागले, तर रौप्यमहोत्सवाची याहून मोठी कमाई कुठली? आणि रविवारी सकाळी टाकी ओसंडून वाहत असताना त्या कमाईचं व्याज आपल्याला मिळेलच. तो फोन उचलेल.

दहाची पंधरा मिनिटं झाली. सचिवसाहेब घड्याळ बघतायत. सर्व संस्थापक सभासदांना, आज आपल्यात नसलेल्यांना आणि बाहेर मांडव घालून, लाईट जोडून उभ्या असलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार करतो आणि थांबतो. मांडववाल्याचे पैसे आजच द्या, एवढंच सांगायचं राहिलं होतं.